'आमचं मिटलं' हे इंग्रजीत कसं सांगाल?

कल्याणच्या एका सोसायटीचे खजिनदार काका गेल्या महिन्यात घरी आले ते तावातावानेच. ऑडिटरने अहवालात एक ओळ लिहिली होती: 'बँक बॅलन्स नॉट रिकन्साइल्ड'. काकांनी मोबाइलवर अर्थ पाहिला, तर समेट करणे, सलोखा करणे. "माझं बँकेशी भांडण कधी झालं हो?" त्याच आठवड्यात डोंबिवली पूर्वेच्या एका ताईंनी नवरा-बायकोच्या दाव्यातला कागद आणून दाखवला. त्यात 'रिकन्सिलिएशन'ची शक्यता पडताळून पाहावी असं होतं, आणि त्यांचा समज असा की कोर्टाने नांदायला जायचा हुकूमच काढलाय. तिसरा ठाण्याचा एक तरुण. त्याचं गृहकर्ज अडलं होतं, कारण जुन्या क्रेडिट कार्डापुढे 'सेटल्ड' असा शेरा होता. "सेटल्ड म्हणजे मिटलं ना? मग अडलं कुठे?"

तिघांनीही शब्दाचा अर्थ शोधला होता, तिघांनाही साधारण एकच उत्तर मिळालं होतं, आणि तिघेही फसले होते. असे प्रश्न वरचेवर येतात म्हणून हा लेख. तुम्हाला इंग्रजी बोलण्यासाठी ही क्रियापदं हवी असतील तर पहिला अर्धा भाग वाचा. हातात इंग्रजी कागद असेल आणि त्यावर सही मागितली जात असेल, तर दुसरा भाग आधी वाचा.

आधी मराठीत ठरवा: नेमकं काय मिटलं?

आपण सहज म्हणतो, 'आमचं मिटलं.' कोणी मिटवलं, कोण झुकलं, कशावरून होतं, यातलं काहीच हे वाक्य सांगत नाही. बहुतेक वेळा आपल्याला तेच हवं असतं. आभाळ निवळावं तसं भांडण निवळलं, पुढे चहा. इंग्रजीत ही सोय फार थोडी आहे. तिथे मिटवणारा कोण ते सांगावं लागतं, कोणाशी मिटवलं ते सांगावं लागतं. तेवढं न करता शब्दाला शब्द ठेवला की 'अवर मॅटर फिनिश्ड' असलं काहीतरी तयार होतं. शब्द सगळे इंग्रजी, वाक्य मात्र आपलंच.

यावर उपाय इंग्रजीत नाही, मराठीत आहे. 'मिटवणे' हा शब्द क्षणभर बाजूला ठेवा आणि त्याच्या पोटातला नेमका शब्द शोधा. आपल्याकडे ते भरपूर आहेत, आणि प्रत्येकाची इंग्रजी जोडी वेगळी आहे:

- बट्टी झाली, पुन्हा बोलायला लागलो: मेक अप विथ
- दिलजमाई झाली, दुरावा गेला, नातं जुळलं: रिकन्साइल विथ
- तडजोड केली, दोघांनी थोडं थोडं सोडलं: कॉम्प्रमाइज ऑन
- व्यवहार मिटवला, रक्कम किंवा अटी ठरल्या: सेटल
- समजूत काढली, रागावलेल्याला शांत केलं: पॅसिफाय, रोजच्या बोलण्यात 'काम डाउन'
- मध्ये पडून जुळवलं: मीडिएट बिट्वीन
- ताळा जुळवला: पुन्हा रिकन्साइल, पण माणसांशी नव्हे, आकड्यांशी

'मांडवली'साठी मात्र सभ्य इंग्रजी क्रियापद शोधत बसू नका. तिथेही लोक 'सेटल' म्हणूनच वेळ निभावतात.

रिकन्साइल: अर्थ शेपटात असतो

आधी उच्चार. 'रेकन्साइल', जोर पहिल्या 'रे'वर. शेवट 'साइल', 'सिल' नव्हे. नाम होताना मात्र 'रेकन्सिलिएशन' होतं आणि जोर सरकून 'ए'वर जातो. क्रियापदाला 'रिकन्सिल' म्हणायची सवय इथूनच लागते.

शब्दाचं मूळ लॅटिन आहे. एकत्र आणणं हा गाभा, आणि 'पुन्हा' हा उपसर्ग. 'काउन्सिल' हा शब्द याच कुळातला. म्हणजे वेगळ्या झालेल्या दोन गोष्टी पुन्हा जवळ आणणं. त्या गोष्टी भाऊ-भाऊ असतील, नाहीतर सोसायटीचं कॅश बुक आणि बँकेचं स्टेटमेंट असेल. काकांच्या ऑडिटरने एवढंच म्हटलं होतं की वहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक जुळत नाही, आणि फरक कशामुळे आहे ते दाखवलेलं नाही. अशा वेळी जुळवणीचं पत्रक करायचं असतं: कोणते चेक दिले पण वटले नाहीत, कोणते जमा व्हायचे आहेत, बँकेने परस्पर कोणते चार्जेस कापले. भांडण कोणाचंच नव्हतं. (अहवाल वाचून काकांनी ऑडिटरला फोन केला, तिथे मात्र थोडं झालं.)

आता शेपटं बघा. क्रियापदाच्या मागे काय येतं, त्यावर अर्थ फिरतो.

'विथ' आणि पुढे माणूस. 'शी रिकन्साइल्ड विथ हर ब्रदर': तिची भावाशी दिलजमाई झाली. हा वजनदार शब्द आहे. वर्षानुवर्षं जाणं-येणं बंद होतं आणि आता सुरू झालं, अशा ठिकाणी शोभतो. सकाळी भाजीवरून वाजलं आणि दुपारी मिटलं, त्याला 'रिकन्साइल' म्हटलं तर ऐकणारा दचकेल.

'विथ' गाळलं तर. 'द मदर रिकन्साइल्ड द टू ब्रदर्स': आईने दोघा भावांत समेट घडवून आणला. समेट 'करणं' आणि समेट 'घडवणं' यात मराठीत जो फरक आहे, तोच इंग्रजीत त्या चिमुकल्या 'विथ'ने होतो. 'आय रिकन्साइल्ड माय ब्रदर' असं वाक्य पुष्कळ जण लिहितात. ऐकणारा वाट बघत राहतो, भावाचा समेट घडवलात, पण कोणाशी?

'टू' आणि पुढे परिस्थिती. 'ही इज रिकन्साइल्ड टू द क्राउड': गर्दी आहे, असणारच, हे त्याने मनाशी स्वीकारलं. इथे भांडणही नाही आणि समोर दुसरा पक्षही नाही. हा प्रयोग शिकायला डोंबिवलीकरांना वेगळं उदाहरण द्यावं लागू नये.

दोन न जुळणाऱ्या गोष्टी. 'हाउ डू यू रिकन्साइल दिस बिल विथ युअर कोटेशन?' वॉटरप्रूफिंगवाल्याने कोटेशन एक दिलं आणि बिल दुसरंच लावलं, तर हे वाक्य ईमेलमध्ये जसंच्या तसं वापरा. ते चढ्या आवाजातलं नाही, पण उत्तर द्यायला भाग पाडतं.

घरात, शेजारी, लोकलमध्ये

रोजच्या कुरबुरींसाठी 'मेक अप' हा तुमचा खरा शब्द. ठाण्याला चौथ्या सीटवरून दोघींत वादावादी झाली आणि कल्याण येईपर्यंत एकीने दुसरीला डब्यातली चकली दिली, की 'दे मेड अप'. तुमचं स्वतःचं सांगायचं असेल तर 'वुई हॅड अ फाइट, बट वुई हॅव मेड अप.' ज्याच्याशी मिटलं तो माणूस सांगायचा असेल तर पुढे 'विथ'.

मात्र 'मेक अप'ला शेपटं बरीच. 'मेक अप फॉर' म्हणजे भरून काढणं: उशीर झाला, म्हणून जास्त वेळ थांबलो. 'मेक अप अ स्टोरी' म्हणजे गोष्ट रचून सांगणं, सरळ थाप. 'मेक इट अप टू समवन' म्हणजे आपण दुखावलेल्या माणसाचं मन पुन्हा जिंकण्यासाठी काहीतरी करणं. तेव्हा परदेशातल्या सुनेला निरोप पाठवताना मागचं शेपूट दोनदा तपासा. 'आय मेड अप विथ युअर मदर' आणि 'आय मेड अप स्टोरीज अबाउट युअर मदर' यांत घर फिरेल.

'पॅचअप' आपण आता मराठीच करून टाकलंय. 'त्यांचं पॅचअप झालं' हे सिनेमाच्या बातमीत ठीक. इंग्रजी बोलताना मात्र ते क्रियापद म्हणून वापरा: 'दे पॅच्ड थिंग्ज अप.' मूळ अर्थ ठिगळ लावणं, त्यामुळे 'तात्पुरतं सावरलं, पुढचं बघू' अशी छटा त्यात राहतेच. लग्नाच्या बोलणीत कोणी असं म्हटलं तर पुढचे दोन प्रश्न जरूर विचारा.

मिटवण्याचं क्रियापद एकटं पाठ करू नका, भांडणाच्या क्रियापदाबरोबर करा. 'फॉल आउट विथ' म्हणजे बिनसणं, त्याची जोडी 'मेक अप विथ'. 'डिस्प्यूट'ची जोडी 'सेटल'. अशा जोडीने घोकलं की मागचं 'विथ' सहसा गळत नाही.

ऑफिसात आणखी एक पंचाईत होते. आपण 'सॉरी' भरपूर म्हणतो, पण लेखी माफी मागायची वेळ आली की अडतो. साचा सोपा आहे: 'आय अपॉलजाइज टू' आणि माणूस, 'फॉर' आणि चूक. 'आय अपॉलजाइज टू द टीम फॉर माय टोन इन येस्टरडेज मीटिंग.' इथेच थांबा. पुढे 'बट' आला की माफी गेली.

'कॉम्प्रमाइज्ड' वाचलंत तर तडजोड समजू नका

बँकेकडून संदेश आला की 'युअर अकाउंट मे हॅव बीन कॉम्प्रमाइज्ड', तर कोणी तडजोड केलेली नाही. तुमचं खातं दुसऱ्याच्या हाती लागल्याची शंका आहे, एवढाच त्याचा अर्थ. असा संदेश बनावटही असू शकतो. आलेल्या लिंकवर बोट ठेवू नका. कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा. पैसे खरोखर गेले असतील तर 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक लगेच लावा.

सेटल: सगळ्यांत महाग पडणारा शब्द

आता ठाण्याच्या तरुणाकडे येऊ. मला सगळ्यात जास्त काळजी याच शब्दाची वाटते, कारण तो ऐकायला गोड आहे. 'मुलगा अमेरिकेत सेटल झाला' अशी त्याची आपल्या मनातली ओळख. वसुलीवाल्याचा फोन येतो, "सर, निम्म्यात सेटल करून टाकतो." माणूस सुटकेचा श्वास सोडतो आणि पैसे भरतो.

कर्जाच्या भाषेत दोन शब्द पूर्ण वेगळे आहेत. 'क्लोज्ड' म्हणजे ठरलेली सगळी रक्कम फिटली, खातं बंद. 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण रक्कम फिटली नाही, बँकेने कमी घेऊन तडजोड केली. बँक तुमच्या दारात पुन्हा येणार नाही, पण क्रेडिट अहवालात तो शेरा उमटतो, आणि पुढचं कर्ज देणारा त्यावरून असं वाचतो की या माणसाने मागच्याला पुरते पैसे दिले नाहीत. त्या तरुणाला वाटलं होतं मिटलं. मिटलं होतंच, पण पूर्ण फिटलं नव्हतं.

तडजोड वाईटच असं नाही. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर तोच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. अशी तडजोड बँकांनी आपल्या मंजूर धोरणानुसार करावी यासाठी रिझर्व्ह बँकेने 8 जून 2023 रोजी चौकटही घालून दिली. करायचीच असेल तर अशी करा:

1. फोनवरचा शब्द धरू नका. बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर पत्र मागा. त्यात रक्कम, शेवटची तारीख आणि 'या रकमेनंतर काही येणं राहणार नाही' हे स्पष्ट हवं.
2. अहवालात कोणता शेरा जाणार, 'सेटल्ड' की 'क्लोज्ड', हे लेखी विचारा. हा प्रश्न विचारायला लाजू नका. लेख वाचून दुसरं काही केलं नाहीत तरी एवढं करा.
3. पैसे फक्त कर्जखात्यात भरा. वसुली एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको.
4. पैसे भरल्यावर 'नो ड्यूज' पत्र घ्या आणि जपून ठेवा.
5. काही महिन्यांनी स्वतःचा क्रेडिट अहवाल काढून बघा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो.

अहवालातला शेरा चुकीचा असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याची जबाबदारी संस्थांवर टाकलेली आहे. घर किंवा जमीन गहाण असेल तर कर्ज पूर्ण फिटल्यावर किंवा तडजोडीने मिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे, आणि आश्चर्य म्हणजे तो माहीत असलेले लोक मला फार थोडे भेटले. आधीच 'सेटल्ड' झालेले असाल तर उरलेली रक्कम भरून शेरा बदलून घेता येतो का, हे बँकेला पत्र लिहून विचारा. त्या तरुणाने तसंच केलं.

नोकरी सोडताना 'फुल अँड फायनल सेटलमेंट'चा कागद पुढे येतो. वागळे इस्टेट असो की डोंबिवलीची एमआयडीसी, बहुतेक जण न वाचताच सही करतात. त्यात 'मला आता काहीही येणं नाही' असं वाक्य असतं. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी हे हक्क कायद्याने दिलेले आहेत, ते अशा सहीने सोडून देता येत नाहीत. पण रजेचा पगार, बोनस, इन्सेंटिव्ह यांवर पुढे वाद घालणं अवघड होतं. रक्कम पटत नसेल तर सहीवर 'अंडर प्रोटेस्ट' लिहा, म्हणजे हरकत राखून स्वीकारलं.

कोर्टाच्या कागदावरची क्रियापदं

डोंबिवलीच्या ताईंच्या कागदात दोन शब्द होते आणि त्या दोघांना एकच समजत होत्या. वैवाहिक दाव्यात 'रिकन्साइल' म्हणजे पुन्हा एकत्र येणं. 'सेटल' म्हणजे वाद मिटवणं, आणि तो वेगळं होऊनही मिटू शकतो: पोटगी किती, मुलांचा ताबा कोणाकडे, दागिने कधी परत, हे ठरवून परस्पर संमतीने घटस्फोट. म्हणून एकाच कागदात 'रिकन्सिलिएशन फेल्ड' आणि खाली 'मॅटर सेटल्ड' असं दिसलं तर ती चूक नाही.

1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे. प्रयत्न करणं त्यांचं काम, समेट मान्य करणं ही तुमच्यावर सक्ती नाही. समुपदेशकासमोर बसा, आपलं म्हणणं सांगा. 'नाही' म्हणायचा अधिकार तुमच्याकडे राहतो. घरात मारहाण होत असेल तर 'सगळ्यांसाठी जुळवून घे' या सल्ल्यापुढे मान तुकवू नका. महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक आहेत. जुळवून घ्यायचं ठरवून परत नांदायला गेलात, तर वकिलाला 'कन्डोन' या शब्दाबद्दल आधी विचारा. झालेला छळ माफ करून सोडून दिला असा त्याचा अर्थ. पुढे पुन्हा दावा करायची वेळ आली तर समोरची बाजू नेमका तोच मुद्दा काढते.

बाकीचे शब्द भराभर:

- मीडिएट: मध्यस्थ दोघांना बोलतं करतो, निर्णय देत नाही. तिथलं बोलणं गोपनीय असतं.
- आर्बिट्रेट: लवाद निर्णय देतो, आणि तो बांधून ठेवतो. कर्जाच्या आणि बिल्डरच्या करारात हे कलम शेवटच्या पानांत दडलेलं असतं. 'मीडिएशन'सारखंच काहीतरी असेल असं समजून पुढे जाऊ नका.
- कंपाउंड: इथे ना चक्रवाढ व्याज, ना सोसायटीची भिंत. गुन्हा आपसात मिटवणं. वाहतूक चलनावरचं 'कंपाउंडिंग' म्हणजे तडजोड शुल्क. चेक न वटल्याचा गुन्हा असा मिटवता येतो. विवाहितेच्या छळाचा गुन्हा मात्र मिटवण्याजोग्या यादीत नाही. दोन्ही बाजूंचं एकमत झालं तरी तो रद्द करून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागतं, ठाण्यात किंवा कल्याणला अर्ज देऊन भागत नाही.
- वेव्ह: हात हलवण्याच्या शब्दासारखाच उच्चार, स्पेलिंग वेगळं. हक्क किंवा अट सोडून देणं. संमतीच्या घटस्फोटातली 6 महिन्यांची वाट न्यायालय योग्य प्रकरणात 'वेव्ह' करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली स्पष्ट केलं. पण कागदावर 'आय वेव्ह माय राइट' असं असेल तर सोडणारे तुम्ही आहात.
- विदाउट प्रेज्युडिस: वकिलाच्या पत्राच्या माथ्यावर असतं. 'हक्कांना बाधा न येता' बोलतोय, म्हणजे तडजोडीसाठी जे देऊ करतोय ते कबुली म्हणून वापरता येणार नाही.

लोकअदालतीची नोटीस आली तर

ठाणे आणि कल्याणच्या न्यायालयांत राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून काही वेळा भरते. चलनं, बँकेची येणी, अपघाताची भरपाई, विजेची बिलं अशी प्रकरणं तिथे येतात. नोटीस पाहून घाबरणारे खूप, आणि 'फुकटात निम्मं माफ' असं समजून जाणारेही तेवढेच.

तिथे फी नाही. प्रलंबित दावा मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. दोघांची संमती नसेल तर काहीच ठरत नाही, प्रकरण होतं तिथे परत जातं आणि तुमचं नुकसान होत नाही. पण मिटलं तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. रांग मोठी असते, समोरचा घाई करतो, 'इथे सही करा' म्हणतो. तुम्ही खुर्ची ओढून सगळं वाचा.

एक बारीक खोच: 'परमनंट लोकअदालत' ही वेगळी चीज आहे. वीज, पाणी, वाहतूक, विमा, रुग्णालय अशा सेवांच्या वादात ती आधी समेट घडवायचा प्रयत्न करते. तो फसला तर स्वतः निर्णयही देऊ शकते. नोटिशीवर नेमकं कोणतं नाव आहे ते बघा.

बिल्डरशी वाद असेल तर

2016 च्या रेरा कायद्यातच समेटाची सोय आहे, आणि महारेराने 2018 पासून त्यासाठी सलोखा मंच चालवला आहे. 'कन्सिलिएशन'ला 'सलोखा' म्हणणाऱ्या त्या मराठी माणसाचं मला कौतुक वाटतं. मंचात ग्राहक संघटनेचे आणि बिल्डरांच्या संघटनेचे प्रतिनिधी बसतात. ताबा लांबला, पैसे परत हवेत, अशा वादांत उपयोग होतो. पण बिल्डरनेही होकार द्यायला हवा, आणि ठरलेलं सगळं तारखांसह लेखी हवं. 'लवकरात लवकर' ही तारीख नव्हे.

सलोख्याने काय होत नाही, तेही कल्याण-डोंबिवलीकरांना सांगायला हवं. बनावट कागदपत्रांवर महारेरा नोंदणी मिळवलेल्या इथल्या 65 इमारतींचं प्रकरण तुम्हाला माहीत आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तुम्ही आणि बिल्डर कितीही गोडीगुलाबीने 'सेटल' करा, पालिकेची परवानगी नसलेली इमारत त्यातून अधिकृत होत नाही. बिल्डर तसं आश्वासन देऊन तक्रार मागे घ्यायला सांगत असेल, तर घेऊ नका.

मराठीत मागण्याचा हक्क

- जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. तुमचं म्हणणं मराठीत मांडा. तडजोडीचा मसुदा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा.
- बिगर-बँक वित्त कंपन्यांनी कर्जदाराशी त्याला समजणाऱ्या भाषेत पत्रव्यवहार करावा, असं रिझर्व्ह बँकेच्या आचारसंहितेत आहे. एका ओळीचा ईमेल पुरतो: 'कृपया हे पत्र मराठीत द्यावे.'
- 'मजकूर मराठीत समजावून सांगितला' असं कागदावर आधीच छापलेलं असतं. कोणी समजावलं नसेल तर ती ओळ खोडा, मगच सहीचा विचार करा.
- महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीत असलेले आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असलेले यांना वकील मोफत मिळतो. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. देशभराचा क्रमांक 15100.

शिकायचं कसं?

शब्दार्थ देणारा कोश पुरणार नाही, वाक्यातली जागा दाखवणारा हवा. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांची अडचण हीच, शब्द येतो पण पुढे काय जोडायचं ते येत नाही. त्यातून त्यांनी केलेला कोश 1942 साली टोकियोत निघाला, आणि तोच पुढे 'ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' झाला. क्रियापदामागे 'विथ' की 'टू' हे त्यात ठळक छापलेलं असतं. कायद्याच्या शब्दांसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा 'न्यायव्यवहार कोश' बघा. कोश विकत घेणं परवडत नसेल तर वाचनालयात विचारा. 1864 पासूनचं कल्याण सार्वजनिक वाचनालय आणि 1893 पासूनचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या हाताशी आहे.

रोज एक क्रियापद घ्या आणि त्याची तीन वाक्यं स्वतःच्या घरातली करा. पुस्तकातली नकोत. माझी शेजारीण 'रिकन्साइल टू' तीन दिवसांत शिकली, कारण तिने वाक्य केलं होतं जावयाच्या घोरण्यावर.

सही करण्याआधी चार प्रश्न

1. या वाक्यातलं क्रियापद कोणतं, आणि ते करणारा कोण: मी की समोरचा?
2. मी काय सोडतोय, आणि बदल्यात काय मिळतंय, आकड्यात आणि तारखेत?
3. समोरच्याने शब्द पाळला नाही तर काय, हे लिहिलंय का?
4. यावर पुढे अपील किंवा तक्रार करता येते का?

एकाचंही उत्तर मिळालं नाही तर 'घरी नेऊन वाचतो' म्हणा. खऱ्या समेटाला दोन दिवसांची वाट बघायला हरकत नसते. घाई करणाऱ्याला विचारा, एवढी घाई कशाची?

आणि कल्याणच्या काकांचा ताळा जुळला. मेंटेनन्सचा एक चेक वॉचमनच्या केबिनमधल्या ड्रॉवरमध्ये पडून होता. वहीत जमा, बँकेत नाही.